दीडशे रुपयांचं इंजिन

विज्ञान प्रदर्शनाची सूचना वर्गात वाचून दाखवली की दरवर्षी मुलांचे दोन गट पडतात. एका गटाच्या घरी त्याच संध्याकाळी बाजारातून तयार किट येतं: छोटी मोटर, बॅटरीचे सेल, दिवे, वायर, सगळं एका खोक्यात. दुसरा गट सूचना ऐकून खाली मान घालतो. सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, अब्बांना पैसे मागायचे नाहीत. माझं नाव घालू नका."

मी उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञानाशी माझा संबंध बारावीनंतर सुटला. पण त्या मुलीचं नाव यादीतून खोडायला माझा हात उठेना. तिच्याबरोबर आणखी एक मुलगी आणि एक मुलगा असे तिघे जण घेतले आणि ठरवलं की विकत काही आणायचं नाही. जे घरात पडलेलं आहे त्यातून एक रेल्वे इंजिन करायचं. ते चालणार नाही, शिट्टी वाजवणार नाही, धूर सोडणार नाही. नुसतं उभं राहील. पण खऱ्या इंजिनासारखं, मापात, एकेक भाग जागेवर असलेलं.

इंजिन कुठलं, हे ठरवायला वेळ लागला नाही. आम्ही मध्य रेल्वेच्या काठावर राहणारी माणसं. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी मुलांनी पाहिलेली होती. ती कुणी आणली, हे मात्र तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

डोंगरावर गाडी कुणी नेली?

माथेरानची गाडी सुरू झाली 1907 साली. ती सरकारने बांधली नाही. मुंबईचे बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग प्रत्यक्षात उतरवला. काम 1904 मध्ये सुरू झालं आणि त्या काळातले सुमारे 16 लाख रुपये त्यावर खर्च झाले. नेरळ ते माथेरान सुमारे 21 किलोमीटरचा हा लोहमार्ग डोंगराच्या कडेकडेने, वळणांमागून वळणं घेत वर चढतो.

रुळांमधलं अंतर किती, तर फक्त दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर. आपण रोज लोकलने जातो त्या ब्रॉडगेज मार्गाचं अंतर 1676 मिलिमीटर आहे. अंतर कमी असलं की वळण आवळून घेता येतं, डोंगर कमी कापावा लागतो, पूल लहान लागतात आणि खर्च वाचतो. म्हणून डोंगरात नॅरोगेज.

या मार्गासाठी जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल या कारखान्याकडून वाफेची चार इंजिनं बनवून घेतली. मार्गाचा सर्वांत कठीण चढ 20 ला 1 आहे, म्हणजे 20 फूट पुढे गेलं की 1 फूट वर. पायी चालताना हा चढ काहीच वाटत नाही. पण गुळगुळीत लोखंडी रुळावर गुळगुळीत लोखंडी चाक, आणि मागे माणसांनी भरलेले डबे. तिथे हा चढ फार मोठा असतो. पकडीसाठी मध्ये दात्यांचा रूळही नाही. ही इंजिनं तिथे पाऊणशे वर्षं राबली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेल इंजिनांनी त्यांची जागा घेतली.

मुलांना हे सांगितलं तेव्हा तो मुलगा म्हणाला, "म्हणजे आपल्यातल्याच माणसाने केली?" मी म्हटलं, पैसा त्यांचा, जिद्द त्यांची, इंजिनं जर्मनीची, आणि डोंगर फोडणारे हात इथल्या मजुरांचे. सगळ्यांची मिळून ती गाडी.

मुलाच्या उंचीवरून माप

वाफेच्या काळातलं एक इंजिन नेरळ स्थानकाजवळ जपून ठेवलेलं आहे. एका रविवारी आम्ही कर्जत लोकलने नेरळला गेलो. नकाशा आमच्याजवळ नव्हता आणि मोजपट्टी घेऊन इंजिनावर चढणं योग्य नव्हतं. मग एक साधी युक्ती केली.

आमच्या मुलाची उंची 140 सेंटीमीटर. त्याला इंजिनाला अगदी चिकटून उभं केलं. मी बरीच मागे गेले, मोबाइल इंजिनाच्या मध्यावर आणि मध्यम उंचीवर धरला आणि बाजूने सरळ फोटो काढला. जवळून फोटो काढला तर इंजिनाची टोकं लहान आणि मधला भाग मोठा दिसतो, म्हणून लांब जायचं आणि झूम करायचं. तसाच एक फोटो समोरून घेतला.

झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्री कागदावर तो फोटो इतका मोठा करून घेतला की कागदावरचा मुलगा बरोबर 7 सेंटीमीटर उंच झाला. 140 भागिले 7 म्हणजे 20. आता कागदावरची प्रत्येक वस्तू खऱ्याच्या एक विसांश मापात होती. तो फोटोच आमचा नकाशा झाला. पट्टी ठेवायची, मोजायचं आणि तेवढाच पुठ्ठा कापायचा. गुणोत्तर आणि प्रमाण हे प्रकरण मुलांनी गणिताच्या तासाला शिकलं होतं. ते कशासाठी असतं, हे त्या दिवशी समजलं.

दुपारी जेवायला आम्ही त्या मुलीच्या नानीकडे गेलो. तिचं आजोळ नेरळचंच. नानींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याचं कालवण वाढलं. नाना खाटेवर बसून होते, सलामाला उत्तर देऊन गप्प राहिले. आम्ही इंजिनाच्या गप्पा मारत होतो. मुलगी मात्र नजर ताटात घालून जेवत होती. त्याचं कारण मला पुढे कळलं.

कशातून काय केलं

ज्यांना घरी करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी क्रमाने सांगते.

सर्वांत आधी तळाची चौकट. त्यासाठी जाड पुठ्ठा हवा. मिठाईच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा दोन थरांत चिकटवला तर तो लाटदार खोक्याच्या पुठ्ठ्यापेक्षा चांगला बसतो, कारण त्याची कड स्वच्छ कापली जाते. इथे आमची पहिली चूक झाली. फेविकॉल भरपूर लावलं आणि तसंच वाळायला ठेवलं. सकाळी चौकट पापडासारखी वाकली होती. गोंद पातळ लावायचा आणि वर जड पुस्तकांची थप्पी ठेवून रात्रभर दाबून ठेवायचं.

बॉयलरसाठी कापडाच्या दुकानातून ताग्याची रिकामी नळी आणली. दुकानदार ती फेकूनच देतात. नळी फोटोतल्या मापाला थोडी बारीक पडली, म्हणून चार्ट पेपरचे वेढे देऊन जाड केली. वरून तीन अरुंद पट्ट्या गुंडाळल्या. खऱ्या बॉयलरवर असे पट्टे असतात. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या टाक्या म्हणजे पुठ्ठ्याच्या लांबट पेट्या. ही इंजिनं पाणी आणि कोळसा स्वतःच्या अंगावरच वाहतात, मागे वेगळी गाडी नसते.

धुराड्यासाठी वाळलेल्या स्केच पेनची नळी, वरच्या घुमटासाठी औषधाच्या बाटलीचं गोल टोपण, दिव्यासाठी टूथपेस्टचं झाकण. केबिनच्या खिडक्या ब्लेडने कापल्या. ब्लेड मोठ्या माणसाने चालवावं, हे वेगळं सांगायला नको.

इंजिनाला खरेपणा येतो तो रिबिटांनी. लोखंडी पत्रे जोडणाऱ्या त्या टिकल्या शेकडो असतात. चार्ट पेपरवर मागच्या बाजूने संपलेल्या बॉलपेनने सारख्या अंतरावर दाब द्यायचा. पुढच्या बाजूला बारीक फुगवटे उठतात. असा कागद टाक्यांवर आणि केबिनवर चिकटवला की पुठ्ठा लोखंडाचा दिसू लागतो. हे काम त्या दोघी मुलींनी केलं. मेंदी काढणारे हात, एकही ओळ वाकडी गेली नाही.

कठडे पातळ तारेचे केले. रंगासाठी शाळेचा फळा रंगवून डब्यात तळाशी उरलेला काळा रंग मिळाला. त्याला चकाकी नसते, म्हणून तो इंजिनाला शोभतो. पुढच्या आडव्या पट्टीला तेवढा लाल रंग.

रुळांसाठी बांबूच्या काड्या आणि स्लीपरसाठी आईस्क्रीमच्या काड्या वापरल्या. 610 मिलिमीटरचा विसावा भाग साडेतीस मिलिमीटर. दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये एवढंच अंतर. खालची फळी 60 सेंटीमीटर लांब घेतली आणि तिच्या एका टोकाखाली 3 सेंटीमीटरचा ठोकळा ठेवला. हा झाला 20 ला 1 चढ. इंजिन त्यावर ठेवलं की ते घसरून खाली येई. मुलं हसली, पण चढ म्हणजे काय ते त्यांना डोळ्यांनी दिसलं. शेवटी आम्ही चाकांना गोंदाचा ठिपका लावून ते जागेवर बसवलं.

चाकं आत की बाहेर?

चाकांवर आमचे तीन दिवस गेले. पाण्याच्या बाटलीची सहा झाकणं घेतली आणि चौकटीच्या बाहेर लावली, जशी खेळण्यातल्या गाडीला असतात. सगळं नीट दिसत होतं. पण मुलगा फोटो समोर धरून म्हणाला, "टीचर, यात चाकं बाहेर नाहीत. चौकटीच्या मागे आहेत."

खरंच होतं. या इंजिनाची चौकट चाकांच्या बाहेरून जाते; बाहेर दिसतात ते आसांच्या टोकांना बसवलेले दांडे, आणि त्यांना जोडणारी लांब लोखंडी पट्टी. असं का असावं, ते शोधायला आम्ही ग्रंथालयात गेलो. उत्तर मिळालं ते फार सुंदर होतं.

तीन आसांचं इंजिन तीव्र वळणावर अडतं, कारण तिन्ही आस एकमेकांना समांतर आणि घट्ट असतात. यावर क्लीन-लिंडनर नावाची जर्मन रचना या इंजिनांत वापरली. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आस पोकळ असतो आणि त्याच्या आतून दुसरा भरीव आस जातो. भरीव आस चौकटीत सरळ राहतो आणि ताकद घेतो. पोकळ आस चाकांसह थोडा तिरपा होतो, थोडा बाजूला सरकतो आणि वळणाप्रमाणे वळतो. भरीव आसाची टोकं बाहेर काढायची म्हणून चौकट चाकांच्या बाहेर.

मुलांना हे पटवायला मी जाड नळीत पेन्सिल घातली. पेन्सिल सरळ धरा आणि नळी हलवा. नळी तिरपी होते, पेन्सिल जागेवर राहते. एवढंच.

मग सहाही झाकणं उपटली आणि चौकटीच्या आत बसवली. बाहेर शर्टाची मोठी बटणं दांडे म्हणून आणि त्यांना जोडणारी पट्टी आईस्क्रीमच्या काडीची. चालणारं खेळणं केलं असतं तर मोटर फिरली की आम्ही खूश झालो असतो आणि चाकं बाहेरच राहिली असती. चालायचं नव्हतं, म्हणूनच ते बरोबर आहे का हे पाहणं भाग पडलं.

फावडं कुठाय?

इंजिन जवळजवळ पुरं झालं तेव्हा त्या मुलीच्या अम्मी शाळेत आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "माझ्या अब्बांना दाखवलंत का? ते याच इंजिनावर फायरमन होते."

मी मुलीकडे पाहिलं. ती रडवेली झाली. नंतर एकटी असताना म्हणाली, "टीचर, सगळे हसले असते. नाना कोळसा टाकायचे."

मी तिला रागावले नाही. हाताने कमावलेल्या हलाल रोजीची थोरवी आपण मुलांना दीनियातच्या तासाला शिकवतो, पण घरी पाहुण्यांसमोर नातेवाइकांची ओळख करून देताना आपण कुणाचं नाव मोठ्याने घेतो आणि कुणाचं हळू, ते मुलं पाहतच असतात. चूक तिची नव्हती.

पुढच्या रविवारी इंजिन खोक्यात घालून आम्ही पुन्हा नेरळला गेलो. नानांनी ते दोन्ही हातांनी उचललं, खिडकीजवळ नेलं आणि बराच वेळ फिरवून पाहिलं. मग केबिनमध्ये डोकावून म्हणाले, "फावडं कुठाय? आणि पाण्याची काच? काच नाही तर बॉयलरमध्ये पाणी किती ते कसं कळणार?"

त्या दिवशी नाना दोन तास बोलले. सकाळच्या गाडीसाठी रात्र सरायच्या आत शेडमध्ये जाऊन आग धरावी लागे, कारण थंड इंजिनात वाफ यायला काही तास लागतात. कोळसा ढिगाने टाकायचा नाही, पातळ पसरायचा. आगीत जिथे पिवळसर खड्डा दिसेल तिथे फावडं मारायचं. चढावर इंजिनाचं तोंड वर असलं की बॉयलरमधलं पाणी मागे सरकतं, म्हणून काचेत ते असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. जो फायरमन काचेवर भुलला तो फसला. पाणी आगीच्या पेटीच्या छपराखाली गेलं तर पत्रा जळतो आणि जीव धोक्यात येतो. उतारावर प्रत्येक डब्यावर ब्रेकवाला उभा असे, आणि ड्रायव्हरच्या शिट्टीवर सगळ्यांनी मिळून ब्रेक आवळायचे.

"लोक म्हणायचे कोळसा टाकतो," नाना म्हणाले. "कोळसा कुणीही टाकेल, बेटा. चढावर वाफ टिकवणं हे काम होतं."

मुलगी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून वहीत लिहीत होती. घरी जाऊन तिने आईस्क्रीमच्या लाकडी चमच्याचं फावडं केलं आणि संपलेल्या रिफिलच्या पारदर्शक तुकड्याची पाण्याची काच. दोन्ही मिळून नखाएवढ्या जागेत बसतात. दुसऱ्या कुणाला ती दिसतही नाहीत.

प्रदर्शनात

प्रदर्शनात परीक्षक आमच्या टेबलापाशी आले आणि पहिला प्रश्न विचारला, "चालतं का?" मुलगी म्हणाली, "नाही सर, पण कसं चालायचं ते सांगू का?" त्यांनी थोडं ऐकलं, मान डोलावली आणि पुढे गेले. बक्षीस आम्हाला मिळालं नाही. कागदावर शेरा होता, "प्रतिकृती कार्यरत नाही." मुलं हिरमुसली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुसरा दिवस पालकांचा होता. पांढरा कुर्ता, टोपी घालून नाना आले. गर्दीत एका कडेला उभे राहिले. काही मुलं टेबलाभोवती जमून विचारत होती की हे लहानसं काय आहे. मुलीने हातातली छडी खाली ठेवली, नानांचा हात धरून त्यांना पुढे आणलं आणि मोठ्याने म्हणाली, "हे माझे नाना. हे या इंजिनाचे फायरमन होते. तुम्ही यांनाच विचारा."

त्यानंतर अर्धा तास आमच्या टेबलापाशी जेवढी गर्दी होती तेवढी शेजारच्या दिव्यांच्या मॉडेलपाशीही नव्हती. अल्हमदुलिल्लाह, आमचं प्रदर्शन तिथे पार पडलं.

तुमच्या घरासाठी

आमचा खर्च असा झाला: फेविकॉल 50 रुपये, आईस्क्रीमच्या काड्या 30, झेरॉक्स आणि प्रिंट 25, दोन चार्ट पेपर 20, लाल पोस्टर रंग 15, ब्लेड 10. एकूण 150 रुपये. बाकी सगळं टाकाऊ. वेळ मात्र लागला, रोज तासभर असे साधारण चार आठवडे. मे महिन्याच्या सुट्टीत हे काम घरच्या घरी सहज होईल. लहान मुलांना चाकं आणि रूळ द्या, मोठ्यांना मापं आणि कापणं.

माथेरानचंच इंजिन करायला हवं असं नाही. सोलापूर, पंढरपूर, लातूर, मिरज भागातल्या वाचकांच्या वडीलधाऱ्यांना बार्शी लाइट रेल्वे आठवत असेल. 1897 मध्ये सुरू झालेला तो मार्ग 762 मिलिमीटरचा होता. अमरावती, अकोला, यवतमाळकडच्यांना शकुंतला ठाऊक आहेच. आधी आपल्या गावच्या गाडीचं इंजिन निवडा, एक बाजूने फोटो मिळवा आणि त्यातल्या ज्ञात उंचीवरून माप काढा.

आणि पुठ्ठा कापण्याआधी घरात आणि मोहल्ल्यात एकदा विचारा, रेल्वेत कोण होतं? फायरमन, खलाशी, फिटर, गँगमन, पॉइंट्समन. आपल्या वस्त्यांमध्ये असे बुजुर्ग अजून आहेत. आम्ही ते शेवटी विचारलं, ही आमची सगळ्यांत मोठी चूक. पुठ्ठा वाकला तर दुसरा कापता येतो. ही माणसं गेल्यावर विचारायचं कुणाला?

आमचं इंजिन आता नेरळला नानांच्या कपाटावर आहे. मागच्या ईदला गेले तेव्हा ते म्हणाले, धाकट्या नातवाने फावडं हरवलं. त्यांनी स्वतः नवीन करून बसवलं होतं, आणि ते आमच्यापेक्षा बरोबर होतं.